साखरेचा टाइपरायटर

ता. ९ जानेवारी

चि. सौ. वन्सं यांस,
वहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

तुमचं पत्र येऊन आठवडा उलटला आणि मी आत्ता कुठे उत्तराला बसतेय. रागावलात तर रागवा, पण पत्रातूनच रागवा. मागच्यासारखा तुमच्या दादांना फोन लावू नका. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यांना ओरडावं लागतं, आणि मग शेजारच्या बाई दार वाजवून विचारतात की घरात सगळं ठीक आहे ना. कानातलं यंत्र नुसती शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते डबीत घालून ठेवलंत हे वाचून हसू आलं, आणि मग हसल्याचं वाईटही वाटलं. असो. पत्रं आहेत तोवर आपलं काही अडत नाही.

उशिराचं कारण एवढंच की या आठवड्यात एक दाढ, एक फुटबॉलचा बूट आणि एक मांजर अशी केकची तीन बाळंतपणं उरकली. दाढ दातांच्या डॉक्टरांकडची, दवाखान्याला वर्ष झालं म्हणून. दाढेला कीड दिसता कामा नये असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. अख्खी दाढ साखरेची, आणि हे मला कीड लावू नका म्हणतात! बुटाच्या वेळी त्या घरातल्या पोरानं खोका उघडल्या उघडल्या आत पाय घातला. आईनं मला फोन करून विचारलं की टाच दुरुस्त होईल का. मी म्हटलं, कापून वाढा आणि टाच त्यालाच द्या.

मांजराचं मात्र मनाला लागलं. एका आजींचं मांजर महिन्यापूर्वी गेलं. बहिणीच्या वाढदिवसाला त्यांना तेच हवं होतं, फोटोबरहुकूम, एक कान दुमडलेला. मी जीव ओतून केलं. आजींनी खोका मांडीवर घेतला आणि रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की कुणाला सुरी लावायचा धीर होत नाही, मांजर फ्रिजमध्ये बसलंय, आता काय करू. काय सांगणार? केक आहे, कापा, म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. माझं काही चुकलं का हो?

आता हाताबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सारखी बधिर होतात. आधी मुंग्या यायच्या, आता मुंग्याही येत नाहीत. डॉक्टर म्हणाले की मनगटात नस दबली आहे. छोटं ऑपरेशन करायचं आणि तीन महिने हाताला पूर्ण विश्रांती. दिरंगाई केली तर गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. तेव्हा हातातल्या ऑर्डरी संपवून महिनाअखेर थांबायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे तुमच्या दादांना सांगितलंय. ते पेपरातून मान वर न काढता बरं म्हणाले, कारण असं मी याआधीही दोनदा सांगून झालंय.

खरंच दमले, वन्सं. फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही, पलंगावर साखरेची फुलं वाळत असतात, अंगाला कायम व्हॅनिलाचा वास. थांबले की खिडकीपाशी खुर्ची टाकून नुसती बसणार आहे. तुमच्या मास्तरांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढत जावा.

तुमची,
वहिनी

&nbsp;

ता. १७ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दाढ वाचून इतकी हसले की मास्तर बाहेरून बघायला आले. तुझं अक्षर मात्र अगदीच ढेपाळलंय हं. एके काळी मोत्यासारखं लिहायचीस, आता मोती घरंगळल्यासारखे दिसतात. जरा सावकाश लिहीत जा.

हाताचं फार मनावर घेऊ नकोस. गरम पाण्यात बुडवून ठेव, रात्री तेल चोळ. डॉक्टर लोक कशाचंही ऑपरेशन करतात. माझे कान गेले, तुझी बोटं, दादाचे केस. वयच झालं आपलं.

इकडची बातमी चांगली नाही. मास्तरांनी टायपिंगचा क्लास बंद करायचं ठरवलं. ठरवलं काय, शिकायलाच कुणी येत नाही. मशिनं भंगारवाला घेऊन गेला. त्यानं ती गाडीत कशी टाकली ते मला ऐकू आलं नाही, पण मास्तरांचा चेहरा दिसला. तेव्हापासून हा माणूस सकाळी उठून, इस्त्रीचा शर्ट घालून, खालच्या त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसतो. जेवायला बोलावलं की येतो, जेवतो, परत जातो. मी विचारलं की तिथे काय करता, तर त्यांनी माझ्या पाटीवर लिहिलं की काही नाही. चाळीस वर्षं ज्याच्या भोवती कडकडाट असायचा तो माणूस असा गप्प बसलेला मला बघवत नाही, वहिनी. मी बहिरी, तरी मला ती शांतता ऐकू येते.

आता कामाचं. त्यांचे जुने विद्यार्थी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा छोटा कार्यक्रम करणार आहेत. मला वाटतं की त्या दिवशी टाइपरायटरचा केक असावा. हुबेहूब, त्यांच्या जुन्या मशिनसारखा, तेवढं एक मोडकं माळ्यावर पडून राहिलंय. इथे दुकानात करून देतीलही, पण तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं. तू थांबणार आहेस हे वाचलं, पण हा एवढा करून मग थांब. तू नाही म्हणायची नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मी सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलंय. मास्तरांना मात्र कळू द्यायचं नाही.

दादाला सांग की पेपर कमी वाच, बायकोकडे बघ. तुझा लोभ आमच्यावर आहे म्हणूनच हक्कानं मागते.

तुझी,
नणंद

&nbsp;

ता. २५ जानेवारी

चि. सौ. वन्सं यांस,
अ. उ. आ. वि. वि.

करते टाइपरायटर. मास्तरांचं वाचून मला राहवेना. मशिनचा चारी बाजूंनी फोटो पाठवा आणि कळा किती आहेत ते मोजून कळवा.

डॉक्टरांना सांगून ऑपरेशन मार्चवर ढकललं. त्यांनी फोनवर मोठा श्वास सोडला आणि नवी तारीख बघतो म्हणाले. दुसऱ्या ऑर्डरींना मात्र नाही म्हणायला लागले. म्हणजे नाही असं नाही म्हणत, तुमच्या दादांना फोन घ्यायला सांगते आणि मी बाथरूममध्ये जाते.

तुम्हाला गंमत सांगते कसा करतात ती. अवघड आकार असला की मी तो आधी थर्माकोलचा कोरते आणि त्यावर साखरेच्या लगद्याची लाटलेली चादर चढवते. म्हणजे कुठे सुरकुती पडते, कुठे फाटतं ते कळतं. मग खरा केक कोरायचा आणि त्याला तशीच चादर. दोन्ही शेजारी ठेवले की तुमचे दादा हमखास फसतात. एकदा त्यांनी थर्माकोलच्या कासवाचा पाय चावून पाहिला होता. मला फक्त बोट लावावं लागतं. केक जरासा दबतो, थर्माकोल दबत नाही. तेव्हा आता घरात दोन टाइपरायटर होणार, एक खोटा, एक खरा. कळा वेगळ्या करून, त्यावर एकेक अक्षर रंगवून, वाळवून शेवटी खऱ्यावर चिकटवायच्या.

आता एक गोष्ट लिहू का नको करत लिहिते. हे पत्र मी खरं तर नाही म्हणायलाच घेतलं होतं. नमस्कार-आशीर्वाद लिहून झाले आणि पुढे हात चालेना. कुणाला नाही म्हटलं तर त्यांना माझं काय काम, असं मनात येतं. आपल्या घरात कुणाचंही काही असलं की पहिला फोन मला येतो, तो मला येतो की केकला? नसला केक तर मला कोण कशाला बोलावील? हसू नका. साठी उलटलेल्या बाईनं असं लिहू नये, पण तुम्हाला नाही लिहायचं तर कुणाला लिहायचं.

हात फारच भरून आला, थांबते. तुमचा लोभ मला लागतो, तो कमी करू नका.

तुमची,
वहिनी

&nbsp;

ता. ४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

होकार वाचून जिवात जीव आला. फोटो सोबत आहेत. ते मास्तर बाजारात गेले असताना मुलाकडून काढून घेतलेत. कळा चव्वेचाळीस, शिवाय खालची ती लांब पट्टी. दादाचं कासव वाचून मुलाला सांगितलं, तो म्हणाला मामाला यापुढे केक दाखवूनच वाढा.

आणखी थोडंसं सुचलंय, रागावू नकोस. मशिनला कागद लावलेला असावा आणि त्यावर दोन ओळी निरोपाच्या. बाजूला त्यांचा चष्मा. आणि चहाचा कप, कान तुटलेला, तो क्लासात कायम असायचा. एवढंच. तुझ्यासाठी ते काही अवघड नाही.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या पत्रातला शेवटचा मोठा परिच्छेद मला वाचताच आला नाही. मुलाला दाखवला, त्यालाही लागेना. काहीतरी फोनबद्दल होतं एवढं कळलं. महत्त्वाचं असेल तर पुन्हा लिही, आणि या वेळी कृपा करून नीट लिही.

मास्तर अजून खाली जाऊन बसतात. काल मी जाऊन शेजारी बसले. दोघंही भिंतीकडे बघत होतो. ते काही म्हणाले असतील तर मला कळलं नाही.

बाकी सर्व ठीक. केकवरचा आणि आमच्यावरचा लोभ सारखाच ठेव.

तुझी,
नणंद

&nbsp;

ता. २१ फेब्रुवारी

चि. सौ. वन्सं यांस,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहिते. तो परिच्छेद काही महत्त्वाचा नव्हता. असंच आपलं.

चष्मा झाला. कप झाला. कान तोडताना जास्त तुटला, पुन्हा केला. कळांवरची अक्षरं काढतेय. ब्रश बोटांतून गळून पडतो आणि तो पडला हे मला जमिनीवर आवाज झाल्यावर कळतं. म्हणून तुमच्या दादांनी तो रबरबँडनं बोटाला बांधून दिला. दिवसाला पाच-सहा अक्षरं होतात. काही तिरकी गेली आहेत, मास्तरांना दिसणार नाहीत अशी आशा. तुमचे दादा आता माझ्या ब्लाउजची बटणं लावायला शिकलेत. चुकीच्या भोकात लावतात, आणि मग दिवसभर मी एका खांद्यानं वर असते.

दोन्ही मशिनं टेबलावर शेजारी शेजारी चादर घालून तयार आहेत. कळा वाळल्या की बसवायच्या. तुमचा मुलगा गाडी घेऊन येतो म्हणाला ते बरं झालं. मी कार्यक्रमाला येत नाही, वन्सं. माझ्याच्यानं चार तास गाडीत बसवणार नाही. इथेच झोपून राहीन म्हणते.

लोभ असू द्या.

वहिनी

&nbsp;

ता. १ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

काल काय झालं ते मुलानं फोनवर सांगितलंच असेल. पण मी माझ्या हातानं लिहिते, म्हणजे तुला माझ्याकडूनही कळेल.

हॉल भरला होता. पन्नाशीची माणसं, सगळी एकेकाळी मास्तरांच्या हाताखाली बसलेली. मी खोक्याचं झाकण काढलं तेव्हा सगळे उभे राहिले. मास्तर पुढे आले, बघत राहिले. त्यांचे डोळे भरले. महिनाभरात मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही हललेलं पाहिलं. मग कुणीतरी त्यांच्या हातात सुरी दिली.

मला काही ऐकू आलं नाही. मी टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले, मागची पोरं हसायला लागली, आणि मी आपली वाजवतेच आहे. मास्तर जोर लावत होते. सुरी आत जाईना. मग पांढरे गोळे उडायला लागले, त्यांच्या शर्टावर, टेबलावर, चष्म्याच्या काचेवर. मुलगा धावत येऊन माझे हात धरेपर्यंत मी वाजवत होते.

थर्माकोल! त्या माणसाच्या निरोपाला तू थर्माकोल पाठवलंस. चाळीस वर्षं ज्यानं कुणाला फसवलं नाही त्याला सगळ्यांसमोर थर्माकोल कापायला लावलंस. तू एकदा खोका उघडून बोट लावून बघू शकत नव्हतीस? एवढं जड झालं होतं तर नाही म्हणायचं होतंस. मी काय तुझ्या डोक्यावर बसले होते?

मास्तर ते सगळं उचलून घरी घेऊन आले. रात्री जेवलेही नाहीत. मला तुझा फार राग आला आहे.

नणंद

&nbsp;

ता. ६ मार्च

चि. चिमणीस,
दादाचे अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. पण फोनवर तुला ऐकू येणार नाही आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुझी वहिनी लिहू नका म्हणत होती. ती आत झोपली आहे म्हणून लिहितो.

खोका मी आणि तुझ्या मुलानं उचलला. खाली जाड लाकडी फळी होती, त्यामुळे वजनावरून काही कळलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी तिला सांगितलं. ती उठून आत गेली. टेबलावर दुसरा टाइपरायटर तसाच होता, कळा नसलेला. आम्ही त्यालाच खोटा समजत होतो. तिनं त्याला उजव्या हाताचं बोट लावलं. मग डाव्या हाताचं. डावं बोट आत गेलं. 

कळा बसवायच्या आधी तिनं दोन्ही मशिनांना बोट लावून पाहिलं होतं, मी समोरच होतो. पण उजवंच बोट लावलं, सवयीनं. बधिर बोटाला सगळंच मऊ लागतं. कितीतरी वर्षांत ते बोट एकदाही चुकलं नव्हतं, म्हणून तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला धरून डॉक्टरांकडे नेलं. अंगठ्याच्या मुळाशी जे मांस असतं ते वाळलंय. डॉक्टर माझ्यावर ओरडले, तिच्यावर नाही. ऑपरेशन १९ तारखेला आहे. जाणीव पुरती परत येईल असं सांगायला ते तयार नाहीत.

तिनं तुला जानेवारीतच कळवलं होतं. मलाही सांगितलं होतं आणि मी पेपर वाचत होतो. तेव्हा मी तुला बोल लावत नाही, किंवा लावलाच तर निम्मा माझ्याकडे ठेवतो. पण तुझं पत्र तिनं वाचलं आणि नीट घडी घालून ठेवलं, आणि त्यानंतर ती माझ्याशीही फारशी बोललेली नाही.

खरा केक आम्ही जिन्यातल्या लोकांना आणि पोस्टमनला वाटला. चांगला झाला होता. मास्तरांची माझ्या वतीनं क्षमा माग.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. ११ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. मी ते मास्तरांना वाचायला दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. काय लिहू? तू हात गेला हात गेला म्हणून लिहीत होतीस आणि मी तुला तेल चोळ म्हणत होते. वर कान तुटलेला कप मागितला. माझी मलाच लाज वाटते.

मास्तरांचं ऐक. त्यांना मुळीच राग नव्हता. त्या रात्री जेवले नाहीत ते कळांवरची अक्षरं बघत बसले होते म्हणून. मला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की ही अक्षरं काढणाऱ्या माणसाला फार त्रास झालाय, वहिनींची विचारपूस कर. मी तेव्हा फणकाऱ्यानं पाटी पुसली. आता त्यांनी तो थर्माकोलचा टाइपरायटर खाली क्लासात टेबलावर ठेवलाय, कापलेली बाजू भिंतीकडे करून. म्हणतात, हा कुठला भंगारवाला नेणार नाही. काल तिकडे जाऊन एकटेच हसत होते.

मी १८ तारखेला येते. नको म्हणू नकोस. तुझे केस विंचरीन, बटणं लावीन, दादापेक्षा बरी लावीन. फोन आले तर मीच घेईन. मला काही ऐकूच येत नाही, त्यामुळे कुणाची ऑर्डर घेतली जायची नाही.

माझ्यावर रागाव, पण तुटू नकोस. लोभाची आता मला तुझ्याकडे भीक मागायची पाळी आली आहे.

तुझी,
नणंद

&nbsp;

ता. १० जून

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आले त्याला दोन महिने होऊन गेले तरी अजून सकाळी उठले की तुझी वेणी घालायची आहे असं वाटतं. दादाच्या हातची तुझी पत्रं मिळतात. तू सांगतेस आणि तो लिहितो, पण मधली तुझी टोमणेबाजी तो गाळतो हे मला कळतं. त्याला सांग, एक शब्द गाळायचा नाही.

हाताची पट्टी निघाली, दोन बोटांना गरम-गार कळायला लागलं, हे वाचून मी शेजारणीला पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली, घरात तेवढीच होती. अंगठाही येईल, धीर धर. तू खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतेस हे दादानं कळवलं. मला चित्र डोळ्यांपुढे आलं आणि फार बरं वाटलं. मास्तरांनी गल्लीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवायला घेतलंय, खालच्याच खोलीत. पोरं फार गोंगाट करतात असं सगळे म्हणतात, मला काही त्रास नाही.

आनंदाची बातमी म्हणजे नातीचं लग्न ठरलं, नोव्हेंबरात. मुलगा हवामान खात्यात आहे, उंच आणि गप्प. तुम्ही दोघांनी आठ दिवस आधी यायचं.

आणखी एक. विचारू नये हे मला कळतं, पण नातीनं गळ घातली म्हणून नुसतं विचारते. ती लहान असल्यापासून म्हणायची की माझ्या लग्नाचा केक मामीआजीच करणार. अगदी छोटा, साधा, एकाच थराचा. फुलंबिलं काही नकोत. नोव्हेंबरला अजून पुष्कळ अवकाश आहे, तोवर हात बरा होईल. उलट हाताला जरा सवयही राहील. मी तिला म्हटलंय की विचारते, हो म्हणेल असं नाही म्हटलेलं. पण तिला वाटतंय की तू म्हणशील.

बाकी भेटीत. आमच्या सगळ्यांवर आहे तसाच लोभ असू दे.

तुझी,
नणंद

&nbsp;

ता. २४ जून

चि. सौ. वन्सं यांस,
अ. उ. आ.

अक्षराकडे बघू नका. हे माझ्या उजव्या हाताचं आहे. तुमच्या दादांना आज लिहू दिलं नाही. दोन ओळी झाल्या की थांबावं लागतं, सकाळपासून बसले आहे.

नाही. मी केक करणार नाही. छोटा नाही, साधा नाही, एका थराचाही नाही. हात बरा झाला तरी नाही. अंगठ्याला अजून काही कळत नाही आणि डॉक्टर म्हणतात की बहुधा कळणारही नाही. जेवढा हात उरलाय तेवढा मला माझ्यासाठी हवा आहे.

नातीचं मन मोडेल. तिला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका. लग्नाला मात्र आठ दिवस आधी येईन. कुणाच्या घरी नुसतं जाऊन बसायची मला सवय राहिलेली नाही, त्याची धास्ती वाटते. लोक दारातच माझ्या हाताकडे बघतील, खोका नाही म्हणून. बघू देत.

तुम्हाला राग येईल. तोही येऊ दे, तुमचा राग मी एकदा पाहिला आहे आणि मी अजून आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं मी तुम्हाला लग्न झाल्यापासून लिहीत आले. लिहायचं असतं म्हणून लिहायचे. आज लिहीत नाही, विचारते. केक नसतानाही आहे का, ते कळवा.

वाट बघते.

तुमची,
वहिनी